पारखणाऱ्याचा पगार कोण देतो?



या गावात पारखीवर बोलायला उभे राहणे हे धाडसच म्हणावे लागेल. मूठभर तूर तळहातावर घेऊन, त्यातला एक दाणा दाताखाली फोडून, ओल किती आणि भरडताना चुरा किती पडेल हे सांगणारी माणसे येथे माझ्यासमोर बसली आहेत. त्यांना पारख म्हणजे काय हे मी काय सांगणार? परंतु हीच माणसे गंजगोलाईच्या आसपासच्या एखाद्या दुकानात पंधरा हजारांचा मोबाइल घ्यायला उभी राहतात, तेव्हा त्यांची मुद्रा पालटते. फोन दाताखाली फोडता येत नाही. त्याच्या बॅटरीचे दोन वर्षांनी काय होईल हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर दुकानदारालाही दिसत नाही. मग गिऱ्हाईक शेजारी उभ्या असलेल्या मुलाला म्हणते, "बघ रे, नेटवर काय म्हणतात ते."

हे नेटवर 'म्हणणारे' कोण, ते केव्हापासून म्हणू लागले आणि त्यांच्या म्हणण्यावर किती विसंबावे, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण ज्या घरात वर्षाकाठी एकच मोठी खरेदी होते, आणि तीही सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर, त्या घराला चुकीच्या खरेदीचा घाव पुढचे वर्षभर सोसावा लागतो. श्रीमंताला वाईट फोन म्हणजे कटकट. गरिबाच्या मुलीला तो बारावीच्या वर्षात नडतो.

परक्याच्या पारखीवर विसंबण्याची पाळी आपल्यावर यंत्रयुगाने आणली. अमेरिकेत ती आधी आली. १९२७ साली तेथे स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक या दोघांनी, गिऱ्हाइकाला त्याच्या पैशाचा मोबदला खरोखर मिळतो काय, या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. त्यातून १९२९ मध्ये वस्तू तपासणारी संस्था निघाली. पुढे १९३५ साली तिच्याच नोकरांनी संप केला, आणि त्या संपकऱ्यांनी १९३६ मध्ये आपली निराळी संस्था काढली. तिचे मासिक 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नावाने जगभर गाजले. या संस्थेचे दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, मासिकात कोणत्याही कारखानदाराची जाहिरात घ्यावयाची नाही. दुसरा, तपासावयाची वस्तू कारखानदाराकडून मागून घ्यावयाची नाही. साध्या गिऱ्हाइकासारखे दुकानात जाऊन, रोख पैसे मोजून आणावयाची.

दुसऱ्या नियमाचे मर्म आडत बाजारात वाढलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. वानगी पाहून सौदा करावा आणि पोते उघडल्यावर माल निराळाच निघावा, हा अनुभव जुनाच आहे. कंपनीने परीक्षणासाठी आपण होऊन पाठविलेला फोन म्हणजे वानगी. दुकानातून विकत आणलेला फोन म्हणजे पोते.

इंग्लंडात १९५७ साली 'विच?' हे मासिक असेच निघाले. एका जुन्या गॅरेजात संसार थाटून त्यांनी पहिल्या अंकात किटल्या आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या तपासल्या. आपल्याकडे १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. घर चालविणाऱ्या बायकांनी वजनमापे, भेसळ, वस्तूंचा दर्जा यांची झाडाझडती सुरू केली, वस्तूंच्या चाचण्या करविल्या आणि 'कीमत' नावाचे नियतकालिक चालविले. त्यानंतर १९७४ मध्ये पुण्याला बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिने आणखी एक पाऊल पुढे टाकले: शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करावयाचे, महिन्याची मागणी एकत्र करावयाची आणि माल घाऊक भावाने आणून वाटून घ्यावयाचा. म्हणजे पारख आणि खरेदी एकाच हाती आली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा या साऱ्या खटपटीनंतर झाला, हे विसरू नये.

आता यंत्रांकडे येऊ. २००१ साली मुंबईहून 'डिजिट' नावाचे इंग्रजी मासिक निघू लागले. संगणक, छपाईयंत्रे, कॅमेरे आणि पुढे मोबाइल यांची एकाच जातीची अनेक यंत्रे ओळीने मांडून, मोजमापे घेऊन, गुण देऊन कोष्टके छापावयाची, ही त्याची रीत. अंकाबरोबर एक तबकडी येई. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट मुंगीच्या पावलांनी येत असे, त्या काळात आपल्याकडच्या कित्येक मुलांना ती तबकडी म्हणजे ठेवाच वाटे. मासिकाचे पुढे संकेतस्थळ झाले, २००७ मध्ये मालकी बदलली, आणि आज त्याची मराठी पानेही निघतात. गणित जमणारे परीक्षण कसे असते हे अशा मासिकांनी आपल्या मुलांना शिकविले, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मात्र अमेरिकेतल्या त्या संपकऱ्यांचा पहिला नियम या धंद्यात फारसा कोणी पाळला नाही. वर्गणीवर मासिक चालत नाही, म्हणून ज्याच्या यंत्राला गुण द्यावयाचे त्याचीच जाहिरात मागच्या पानावर घ्यावयाची, ही सर्वत्रची रूढी झाली. एवढ्यावरून कोणी अप्रामाणिक ठरत नाही. पण न्यायाधीशाचे घरभाडे पक्षकार भरीत असेल तर निकाल कितीही योग्य असला तरी लोक कुजबुजणारच.

याच सुमारास दुसरी एक वाट निघाली, आणि तीही मुंबईतूनच. २००० साली फैसल फारूकी यांनी 'माउथशट' हे संकेतस्थळ सुरू केले. येथे तज्ज्ञ नाही, प्रयोगशाळा नाही. ज्याने वस्तू वापरली त्याने आपला अनुभव लिहावा, दुसऱ्याने वाचावा. पारावरची गोष्टच ती, फक्त पार देशाएवढा झाला. पारावर बोललेले दुकानदाराच्या कानावर गेले तर तो फार तर चार दिवस रुसतो. येथे मात्र वकिलांच्या नोटिसा येऊ लागल्या. २०११ च्या सरकारी नियमांप्रमाणे, कोणी हरकत घेतली की संकेतस्थळाच्या चालकाने ३६ तासांच्या आत हालचाल करावी, असे होते. मजकूर खरा की खोटा हे न्यायालयाने ठरविण्याआधीच तो पुसून टाकण्याचा दाब चालकावर येई. २०१३ मध्ये 'माउथशट' हे गाऱ्हाणे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्याबरोबर त्याचाही निकाल लागला: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना असेल तरच चालकाने मजकूर काढावा, नुसत्या खाजगी हरकतीवरून नव्हे. त्याच निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलमही रद्द झाले. वर्तमानपत्रांनी त्या कलमावर रकानेच्या रकाने भरले. फ्रीज बिघडला असे लिहिणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाला त्याच दिवशी काय मिळाले, याची चर्चा तितकीशी झाली नाही, आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

पण साक्षीदार वाढले की खोटे साक्षीदारही वाढतात. पैसे घेऊन पाच-पाच तारे देणारे आले. प्रतिस्पर्ध्याच्या मालाला नावे ठेवणारे आले. फोन फुकट मिळाला हे न सांगता त्याची स्तुती करणारी गोड तोंडे आली. त्यांच्या मजकुराखालच्या दुव्यावरून आपण खरेदी केली तर त्यांना दलाली मिळते. दलाली घेणे हे पाप नव्हे, आडत्याही घेतो. परंतु आडत्याची आडत पट्टीवर लिहिलेली असते.

आणि लहान माणसांनाच दोष द्यावा असेही नाही. अमेरिकेतल्या 'सीनेट' या नामांकित संकेतस्थळाच्या संपादकांनी जानेवारी २०१३ मध्ये लास व्हेगसच्या प्रदर्शनात 'डिश' कंपनीच्या एका यंत्राला सर्वोत्कृष्ट म्हणून कौल दिला. संकेतस्थळाची मालक कंपनी 'सीबीएस' त्याच 'डिश'शी न्यायालयात भांडत होती. मालकाने हुकूम केला की हे यंत्र बक्षिसाच्या यादीतून काढा. यादीतून ते निघाले. त्यावर तेथल्या एका वार्ताहराने राजीनामा दिला आणि प्रदर्शन भरविणाऱ्यांनी बक्षिसांच्या कामातून त्या संकेतस्थळाला वगळले. वीस वर्षांत कमावलेला विश्वास एका निरोपाने डागाळला.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. लिहिणारा खरा माणूस आहे काय हे पडताळावे, प्रतिकूल मत दडपू नये, असा त्याचा रोख आहे. मात्र ते ऐच्छिक ठेवले गेले. हेल्मेटला मानक सक्तीचे आणि साक्षीला ऐच्छिक, हे मला तरी पटलेले नाही.

आता आपल्या गावाकडे वळतो, कारण खरी अडचण येथे आहे. परीक्षण अगदी प्रामाणिक असले तरी ते बंगळूरच्या वा मुंबईच्या वातानुकूलित खोलीत झालेले असते. मोठमोठ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत लिहितात की फोन शून्य ते ३५ अंश उष्णतेत वापरावा. नांदेडला आणि लातूरला मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते, हे रसायनशास्त्र आहे. त्याला नाममुद्रेची भीड नाही. तोच प्रकार विजेचा. २३० व्होल्टवर तपासलेला फ्रीज संध्याकाळी दाब उतरलेल्या वाडीवर कसा चालतो, हे कोणत्या कोष्टकात असते? पाण्याचे तर बोलायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून या शहराने तहान भागविली. पाचशे-सहाशे फुटांवरच्या बोअरचे जड पाणी पिणाऱ्या घराने, नदीच्या पाण्यावर तपासलेल्या शुद्धीकरण यंत्राचे गुण वाचून काय करावे? येथे पडदा किती महिन्यांत बुजतो आणि एका घागरीमागे किती पाणी मोरीत जाते, हे दोन आकडे हवेत. शिवाय बिघडलेले यंत्र दुरुस्तीला गावातच देता येते की छत्रपती संभाजीनगरला धाडावे लागते, हाही परीक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

म्हणून अभिप्राय वाचताना मी तारे मोजत नाही, तारीख पाहतो. पार्सल फोडल्याच्या दिवशी लिहिलेले "एकदम भारी, पैसा वसूल" हे खरेदीच्या आनंदाचे वर्णन झाले, वस्तूचे नव्हे. उलट उदगीरच्या एखाद्या माणसाने लिहिले की दुसऱ्या उन्हाळ्यात शेतावर दुपारी फोन तापून बंद पडतो, सावलीत वीस मिनिटे ठेवला की चालू होतो, मराठी टंकन नीट होते, तर त्या तीन ओळी मला तीन पानांच्या कोष्टकाहून अधिक उपयोगी आहेत.

अशा ओळी लिहिल्या जाव्यात म्हणून कोणी मोठी संस्था येण्याची वाट पाहावी असे मला वाटत नाही. मुंबईच्या त्या बायका नऊच होत्या. येथे तंत्रनिकेतन आहे, नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठ आहे. मोजमाप जाणणारी मुले आहेत. पन्नास घरांनी वर्षाला शंभर रुपये दिले तर पाच हजार होतात, आणि कंपनीपुढे हात पसरावा लागत नाही. पहिली वस्तू म्हणून मी पॉवर बँक सुचवीन. तिच्यावर दहा हजार मिलिअँपिअर-तास असे ठळक छापलेले असते. तो आकडा आतल्या घटाचा, म्हणजे सुमारे ३.७ व्होल्टचा, बाहेर ५ व्होल्टने वीज देताना तो हिशेबानेच ७,४०० वर येतो, आणि रूपांतरातली गळती वजा जाता सहा-साडेसहा हजार हाती लागले तर माल चांगला समजावा. चार हजारच लागले तर दुकानदाराला विचारावयास हरकत नाही. हे मोजण्याचे उपकरण काहीशे रुपयांत मिळते. वस्तू मात्र दुकानातूनच, पावती घेऊन आणावी, आणि आकड्याखाली महिना, त्या दिवशीची उष्णता व दिलेली किंमत लिहावी.