चेहरा नसलेली तबकडी



ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत मॅडोनाच्या 'एव्हरीबडी' या पहिल्या गाण्याची तबकडी निघाली. गाणं तिनं स्वतः लिहिलेलं. न्यूयॉर्कच्या 'डान्सटेरिया' क्लबात मार्क कॅमिन्स या डीजेला ध्वनिफीत तिनंच नेऊन दिली. त्यानं वाजवली, लोक नाचले, मग कंपनीशी करार झाला.

वेष्टनावर मात्र तिचा फोटोच नव्हता. गायिका काळी आहे, असं अनेकांना वाटलं. नृत्यगीतांच्या यादीत गाणं ३ऱ्या क्रमांकावर गेलं. मुख्य १०० गाण्यांत आलंच नाही.

पुढे तोच चेहरा, तोच देह जगभर विकला गेला. बाईला कधी लपवायचं, कधी मिरवायचं, हे बाजार ठरवू पाहतो. म्हणून गाणं ऐकताना आपण आधी विचारूया : हे लिहिलं कोणी?