पूल, पाणी आणि एस. टी. ची गाडी

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता त्या काळीं, सन १९३२ च्या जून महिन्यांत, त्या संस्थानच्या रेल्वेनें २७ मोटारगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्त्यावरील सरकारी प्रवासी वाहतुकीस आरंभ केला. आगगाडी व मोटार यांचा धनी एकच झाला. परंतु आगगाडीपाशीं असलेली एक गोष्ट मोटारीला त्या वेळीं मिळाली नाहीं, आणि पुढें राज्यें बदललीं, एस. टी. आली, तरी ती अद्याप पुरतेपणीं मिळालेली नाहीं. ती गोष्ट म्हणजे सिग्नल.

पूल सुरक्षित आहे कीं नाहीं, याचा निवाडा आगगाडीच्या चालकाला एकट्याला करावा लागत नाहीं. रेल्वेच्या पुलांवर धोक्याच्या पातळीची खूण रंगविलेली असते. पावसाळ्यांत गस्तवाले रात्रीं बत्ती घेऊन रूळ पाहत चालतात. पाणी खुणेला लागलें कीं गाडी रोखतां येते, आणि डब्यांतील एकही प्रवासी चालकाला भित्रा म्हणत नाहीं. एस. टी. च्या चालकाची गोष्ट निराळी. सायंकाळची मुक्कामी गाडी, आंत पासवर घरीं निघालेल्या शाळकरी मुली, बाजाराचीं गांठोडीं, आणि पुढें ठेंगण्या पुलावरून वाहणारें गढूळ पाणी! मागून कोणी ओरडतो, "घाला हो ड्रायव्हरसाहेब, गुडघाभर तर आहे!" एवढ्या गलबल्यांत त्या एकट्या माणसानें पाण्याची परीक्षा करावी, अशी अपेक्षा धरणें म्हणजे योजना नसल्याची कबुलीच होय.

गुडघाभर हा शब्दच मोठा फसवा आहे. वाहतें पाणी गाडीला खालून उचलूं पाहतें आणि बाजूनें ढकलतें. बसची लांबलचक कूस प्रवाहाला आडवी येते व चाकांची पकड सुटते. पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे कीं खचला, हें वरून दिसत नाहीं तें वेगळेंच. २८ सप्टेंबर २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत उमरखेडजवळ दहागांव येथें पुलावरून पाणी वाहत असतां नांदेड-नागपूर मार्गावरील एस. टी. ची गाडी प्रवाहांत ओढली गेली आणि माणसें प्राणांस मुकलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूलच कोसळला व एस. टी. च्या दोन गाड्या वाहून गेल्या. तेथें तर चालकाच्या हुशारीचा प्रश्नच उरला नव्हता.

परभणीची अडचण याहून थोडी निराळी आहे, आणि तींत एक सोयही दडलेली आहे. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या बाजूंनीं वाहते. पूर्णेवर जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे, दुधनेवर सेलूकडे आणखी एक. म्हणून येथें आकाश निरभ्र असतांही पूर येऊं शकतो. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले कीं गोदावरी फुगते, आणि नदी फुगली कीं तिला मिळणाऱ्या ओढ्यांचें पाणी मागें तुंबून खेड्यांच्या पुलांवर चढतें. परंतु धरणाचें पाणी खालीं येण्यास वेळ लागतो. तो मधला वेळ फुकट जाऊं न देणें, यांतच सारें आलें. सन २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें जिल्ह्याची योजना करण्याचा भार कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर आहे. पाणी सुटल्याची वार्ता कचेरींत पोचली, एवढ्यानें काम भागत नाहीं. परभणी, जिंतूर, गंगाखेड व पाथरी या आगारांतून मुक्कामी गाडी सुटण्यापूर्वीं ती कंडक्टरच्या हातीं पडली पाहिजे, आणि मुलींना लवकर सोडतां यावें म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांनाही कळली पाहिजे. जाडजूड योजनेपेक्षां तिकिटांच्या पिशवींत मावेल असा एक कागद अधिक उपयोगी: कोणता पूल बुडतो, अलीकडच्या गांवांत फोन कोणाला करावा, प्रवाशांना रात्रीं कोणत्या शाळेंत वा देवळांत उतरवावें.

कायद्याला हा विचार अगदींच अपरिचित नाहीं. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकापाशीं गाडी थांबवून, कंडक्टरनें वा मदतनिसानें पुढें पायीं जाऊन, आगगाडी येत नाहीं हें पाहावें आणि मग गाडी पार न्यावी, असें बंधन घातलें आहे. पुलापाशीं मात्र कोणीही पाण्यांत उतरूं नये. तेथें दोन्ही टोकांस उंची दाखविणारे रंगविलेले खांब असावेत, आणि पुलाच्या फरशीवर पाणी दिसलें कीं गाडी थांबावी. किती इंच, हा वाद घालूं नये.

राहतां राहिला चालक. नदीमुळें गाडी चार तास उशिरां पोचली, तर त्याच्याकडून खुलासा मागितला जाणार नाहीं, असा लेखी हुकूम आगाराच्या फळ्यावर मृग लागण्यापूर्वीं लागावा, आणि त्याची एक प्रत गाडींत, प्रवाशांना वाचतां येईल अशा जागीं, चिकटवावी.