अकरा दिवसांत आठ मैल

मी जन्मभर शाळामास्तर. इतिहासाचा तास माझ्याकडे असे, आणि सहामाही परीक्षेंत एक प्रश्न मी जवळजवळ दरवर्षीं घालीत असें : 'वडगांव येथें इंग्रजांचा पराभव कां झाला?' उत्तर ठरलेलें. 'मराठे शूर होते म्हणून.' उत्तर खोटें नव्हे, म्हणून गुण कापवत नसत. अपुरें खरें, म्हणून पुरते देववतही नसत. एके वर्षीं उत्तरपत्रिका परत देतांना शेवटच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग पानिपतावर ते शूर नव्हते काय?" वर्ग हंसला. मी हंसलों नाहीं. त्या दिवशीं घरीं जाऊन मीं वडगांवची हकीकत पुन्हा आरंभापासून वाचावयास घेतली, आणि या खेपेस मराठ्यांकडे न पाहतां चालून येणाऱ्या फौजेकडे पाहत वाचली. आज सांगणार आहें तें त्या वाचनांतलें.

१७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथरावांची पेशवाई टिकली नाहीं आणि ते मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले, हें आपणांस ठाऊकच आहे. १७७५ चा सुरतेचा तह आणि तो मोडून कलकत्तेकरांनीं केलेला १७७६ चा पुरंदरचा तह, या गोष्टी आज सोडून देतों. आपली गोष्ट १७७८ पासून सुरू होते. त्या वर्षाच्या आरंभीं पुण्याच्या कारभाऱ्यांत फूट पडली होती. नाना फडणिसांचे चुलतभाऊ मोरोबादादा यांच्या पक्षानें मुंबईकरांस बोलावणें धाडलें, कीं दादासाहेबांना घेऊन पुण्यास या. साऱ्या मोहिमेचा पाया तो हा. पण जुलैपर्यंत नाना आणि महादजी शिंदे यांनीं तो डाव मोडला आणि मोरोबांना कैद केलें. ज्यानें जेवावयास बोलाविलें तो यजमानच कैदेंत. पाहुणे मात्र नोव्हेंबरांत पंगतीस निघाले!

असें कां झालें? मला वाटतें, मनांत एकदां बेत धरला म्हणजे त्याचें कारण नाहींसें झालें तरी बेत तेवढा उरतो. घरांतील लग्नकार्यांतही आपण हें पाहतों. मुंबईकरांस आणखीही एक घाई होती. कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनें एक फौज खुष्कीच्या मार्गानें मुंबईच्या मदतीस धाडली होती. ती नोव्हेंबरांत अजून नर्मदेच्या पलीकडेच होती. ती येईपर्यंत थांबावें, तर यशाचा वांटा कलकत्त्यास द्यावा लागेल. म्हणून थांबलेच नाहींत.

आतां फौजेचें नेतृत्व पाहा. सेनापति म्हणून कर्नल इगर्टन. हे गृहस्थ प्रकृतीनें अशक्त, आणि या देशाच्या युद्धरीतीशीं त्यांचा परिचय नाहीं. पण सत्ता त्यांच्या एकट्याच्या हातीं नव्हती. जॉन कर्नाक आणि मॉस्टिन या दोघांना त्यांच्या जोडीस देऊन तिघांचें मंडळ केलें होतें. घोडा एक आणि लगाम तिघांच्या हातीं. मानपानावरून तक्रारी सुरू झाल्या, त्या पनवेलीपासूनच. तिघांत पुण्याचा दरबार ज्यानें डोळ्यांनीं पाहिला होता, तेथें वकील म्हणून राहिला होता, असा एकटा मॉस्टिन. तो वाटेंतच आजारी पडून परत गेला आणि १ जानेवारी १७७९ रोजीं मुंबईस मरण पावला. म्हणजे ज्याला वाट ठाऊक तोच वाटेंतून गेला.

फौज सारी मिळून सुमारें ३९०० माणसांची होती. आणि तिच्यासोबत बैल किती? एकोणीस हजारांहून अधिक! आंकडा मीं चुकून वाचला कीं काय, म्हणून दोनदां पाहिला. माणसामागें जवळजवळ पांच बैल. तोफा, दारूगोळा, तंबू, दाणागोटा आणि साहेबलोकांचें सामान. या बैलांना रोज वैरण पाहिजे, पाणी पाहिजे, आणि सर्वांना चालावयास तो एकच घाटरस्ता. रक्षण फौजेनें बैलांचें करावयाचें कीं बैलांनीं फौजेचें, असा प्रश्न पडावा. घाट मात्र तिच्या ताब्यांत आधींच आला होता. कॅप्टन स्टुअर्ट यानें ग्रेनेडियर शिपायांच्या सहा तुकड्या घेऊन २५ नोव्हेंबरलाच बोरघाट गांठला. मुख्य फौजेला त्याच्यामागोमाग खंडाळ्यास पोंचावयास डिसेंबराचा शेवटचा आठवडा उजाडला. एक महिना! तितक्यांत पुण्याहून फौजा जमविणें काय कठीण होतें?

आणि तेथून पुढची चाल ऐका. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचें अंतर आठ मैल. तें तोडावयास या फौजेला अकरा दिवस लागले. ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकारानेंच हा हिशेब लिहून ठेवला आहे, म्हणजे आमच्या बाजूची ही फुशारकी नव्हे. मीं हा आंकडा वर्गांत सांगितला तेव्हां मुलांना तो खरा वाटेना. पुढच्या हिंवाळ्यांत सहल कार्ल्याच्या लेण्यांची ठरली, तेव्हां मीं मुद्दाम खंडाळ्यास उतरून सातवीचा वर्ग पायीं नेला. सकाळीं भाकरी खाऊन निघालों. वाटेंत दोन मुलांच्या चपला तुटल्या, एकाचा डबा हरवला, आणि तरी दुपारच्या जेवणाला आम्ही लेण्यांच्या पायथ्याशीं होतों. अर्थात् आमच्यापाशीं तोफा नव्हत्या, आणि आमच्यावर कोणी बाणही सोडीत नव्हता, ही गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे.

त्या अकरा दिवसांचा परिणाम मनावर कसा झाला असेल, तो विचार करा. समोर शत्रु उभा ठाकत नाहीं. सकाळीं डोंगराच्या सोंडेवर घोडेस्वार दिसतात, तोफेचा एखादा बार होतो, बाण येतात. पुढें सरकावें तों स्वार निघून गेलेले. रात्रीं पुन्हा तेंच. ३१ डिसेंबरला एका बाणानें लेफ्टनंट कर्नल के याला प्राणघातक जखम झाली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानें कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच आपला 'इष्टुर फांकडा'. शत्रूच्या अधिकाऱ्याला 'फांकडा' हें नांव मराठ्यांनीं दिलें आणि वडगांवच्या लोकांनीं त्याची आठवण अजून ठेविली, यांत आपल्या लोकांच्या मनाचा मोठेपणा मला दिसतो. पण फौजेच्या दृष्टीनें पाहिलें तर जो अधिकारी महिनाभर पुढें होता आणि ज्याच्याकडे पाहून शिपाई पाऊल टाकीत, तोच गेला. मागें उरले ते मंडळांतले. त्यांतही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत इगर्टन आजारानें हटला आणि सेनापत्य कर्नल कॉकबर्नकडे आलें.

रघुनाथरावांनीं वचन दिलें होतें कीं आपण घाट चढतांच मोठमोठे सरदार येऊन मिळतील. एकही नांवाजलेला सरदार येऊन मिळाला नाहीं. येथें दुसरी बाजूही सांगतों. पुण्याच्या पक्षांत सारें आलबेल होतें असें नव्हे. सखारामबापूंविषयीं संशय होता, तुकोजी होळकरांविषयींही शंका घेतली जात होती. ती फौज पहिल्या आठवड्यांतच वेगानें पुण्यावर आली असती, तर काय झालें असतें, हें सांगतां येत नाहीं. रोज पाऊण मैलाच्या चालीनें मात्र तिनें नानांना एकी करावयास वेळ दिला.

९ जानेवारीला फौज तळेगांवास आली. गांव जळालेला. दाणा नाहीं, वैरण नाहीं, माणूस नाहीं. पुढें चिंचवडही जाळणार, वेळ पडली तर पुणेंही जाळणार, अशी बातमी छावणींत पोंचली. हा डाव महादजींचा आणि नानांचा. पण त्याची किंमत कोणीं दिली? ज्यांनीं भात झोडून नुकतेंच कणगींत भरलें होतें, त्या मावळांतल्या कुणब्यांनीं. त्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत नाहींत. मुलांना मी हें सांगत असें, आणि परीक्षेंत विचारीत नसें.

आतां माझ्या मतें सगळ्या कथेचें मर्म येतें. छावणींत त्या वेळीं अठरा दिवसांचा शिधा शिल्लक होता. पुणें अठरा मैलांवर होतें. मोठी लढाई अजून एकही झालेली नव्हती. मग ११ जानेवारीला परत फिरण्याचा निर्णय कसा झाला? रघुनाथराव नको म्हणत होते, निदान थोडें थांबून पाहावें असें इंग्रजांतलेही कांहीं जण सांगत होते. तरी मंडळानें परतण्याचें ठरविलें. मोठ्या तोफा तळ्यांत लोटल्या, पुष्कळसें सामान जाळलें, आणि रात्रीं अकराच्या सुमारास गुपचूप मागचा रस्ता धरला. आग लावून गुपचूप निघतां येतें, असें ज्यांना वाटलें त्यांच्या मनाची स्थिति काय असेल! मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळांत मराठे त्यांच्यावर तुटून पडले. बाजारबुणगे आणि बैल सैरावैरा धावूं लागले, सामानसुमान लुटलें गेलें. ज्या बैलांनीं जातांना वाट अडविली, त्यांनींच येतांना रांगा मोडल्या.

येथें कोणी म्हणेल, भाड्याचे शिपाई, पळाले असतील. नाहीं, श्रोतेहो, तसें झालें नाहीं. पिछाडीस कॅप्टन हार्टले होता, आणि त्याच्या हाताखालीं कोण, तर ज्यांचा नायक आठवड्यापूर्वीं पडला होता तेच फांकड्याचे ग्रेनेडियर. सारा जोर त्यांच्यावर पडला. पहांटेपासून ते हल्ल्यावर हल्ला परतवीत होते. हार्टलेवर शिपायांची भक्ति होती आणि तो त्यांच्यांत उभा होता, एवढेंच कारण. तेच शिपाई, तोच अंधार, तोच उपास. एका टोंकाला फौज धीरानें लढत आहे, आणि दुसऱ्या टोंकाला तिचे पुढारी खचले आहेत. मनोधैर्य खालून वर चढत नसून वरून खालीं उतरतें, हें त्या एका रात्रींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें मला दुसरीकडे क्वचितच दिसलें. सैनिक भ्याले म्हणून सेनापति हरला, असें पुष्कळ ठिकाणीं लिहितात. येथें उलट आहे.

१२ तारखेच्या दुपारीं ती फौज कशीबशी वडगांवांत शिरली. त्या एका दिवसांत मेलेले, जखमी व नाहींसे झालेले मिळून साडेतीनशेंच्या आसपास माणसें गेलीं. वरच्यांनीं सोडलेला धीर आतां कोठें खालीं पोंचला. रात्रीं शिपाई पळून जाऊं लागले. १३ तारखेच्या सकाळीं मराठ्यांच्या तोफा गांवावर सुरू झाल्या. कॉकबर्न म्हणाला, आतां मागें जाणें अशक्य. हार्टलेनें कसें जातां येईल तें सांगून पाहिलें. कोणीं ऐकलें नाहीं. फार्मर नांवाचा चिटणीस बोलणें करावयास गेला. मराठ्यांनीं प्रथम रघुनाथरावांची मागणी केली, पण त्यांनीं आधींच महादजींच्या स्वाधीन होण्याचें ठरविलें होतें. १६ जानेवारी १७७९ रोजीं करार झाला : १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख, साष्टीसुद्धां, परत द्यावा, आणि बंगालची फौज माघारी फिरवावी. महादजींना भडोच देण्याचें वचन खासगी दिलें, त्यांच्या चाकरमाणसांना ४१,००० रुपये बक्षीस दिलें, आणि फार्मर व दुसरा एक अधिकारी यांना ओलीस ठेवून फौज घाट उतरली.

घाटाखालीं पोंचतांच कर्नाकानें बंगालच्या फौजेला धाडलेला 'परत जा' हा हुकूम फिरविला, आणि मुंबईकरांनीं करारही मानला नाहीं. मराठ्यांनीं शत्रूला असा सोडला ही चूक झाली काय, असें मुलें विचारीत. माझें उत्तर असे, कीं झाली. पण ज्याचें घर जळलें होतें त्याला लढाई थांबली यांत काय वाटलें असेल, तेंही लिहा.

बंगालची ती फौज घेऊन कर्नल गॉडर्ड फेब्रुवारीअखेर सुरतेस पोंचला. त्यानें पुढें वसई घेतली, आणि १७८१ च्या आरंभीं तोही बोरघाट चढला. वडगांवची हकीकत त्याला ठाऊक नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. तरी तोही खंडाळ्यापाशीं अडकला, खालीं कोंकणांत त्याच्या रसदेवर घाले पडूं लागले, आणि एप्रिलांत मोठी हानि सोसून पनवेलीस उतरला. अखेर १७८२ त सालबाईचा तह होऊन लढाई संपली आणि रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला.

कर्नाक, इगर्टन आणि कॉकबर्न यांना कंपनीनें नोकरींतून काढून टाकलें. हार्टले लेफ्टनंट कर्नल झाला, त्याच्याहून वडील अधिकाऱ्यांनीं त्याबद्दल तक्रार केली, आणि १७८० च्या डिसेंबरांत दुगाडच्या लढाईंत तो पुन्हा मराठ्यांसमोर उभा राहिला. तेथें रामचंद्र गणेश पडले. तो शेवटच्या बांकावरचा मुलगा पुढें पलटणींत गेला. रजेवर आला म्हणजे मला भेटावयास येतो, आणि पानिपताच्या प्रश्नाचें उत्तर अजून मागतो.