उतारवयातील घोडेस्वारी



निवृत्तीनंतरचे जीवन कसे घालवावे, या विषयावर आपण मला बोलावयास सांगितले आहे. बागकाम, वाचन किंवा तीर्थयात्रा यांविषयी अधिकाराने बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ती घोड्याविषयी. वयाच्या ६० व्या वर्षी मी प्रथम रिकिबीत पाय ठेवला, ६२ व्या वर्षी एक घोडी विकत घेतली आणि आज ६९ व्या वर्षी तिच्यासह सुखाने राहत आहे. या नऊ वर्षांत जे शिकले, त्यातील आनंदाचा भाग सांगणे सोपे आहे. परंतु त्या आनंदाबरोबर एक जबाबदारीही येते, आणि ती कोणी आधी सांगत नाही. माझा आजचा रोख मुख्यतः तिच्याकडे आहे.

आयुष्यभर मी जोधपूरमध्ये भूगोल शिकवला. ज्या शहराचे नाव जगभरच्या घोडेस्वारांच्या विजारीला मिळाले, त्या शहरात राहूनही घोडा माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. आमच्यासारख्या मध्यम स्थितीच्या घरात घोडा दिसे तो लग्नाच्या दारी, नवरदेवाला पाठीवर घेऊन आलेला. मारवाडी घोड्याचे ते आत वळलेले, टोकाशी एकमेकांना भिडणारे कान मी लहानपणी मोठ्या कौतुकाने पाहत असे. पण कौतुक करणे निराळे आणि त्याच्या पाठीवर बसणे निराळे. निवृत्तीच्या वर्षी शहराबाहेरील एका अश्वशाळेत मी सहज गेले आणि परतताना दुसऱ्या दिवशी येण्याची वेळ ठरवून आले.

“या वयात?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्यावर द्यावयाची उत्तरे जगाच्या इतिहासात तयार आहेत. ब्रिटनच्या लॉर्ना जॉनस्टन या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अश्वचालनाच्या स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यांनी नुकतीच सत्तरी गाठली होती. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळले आणि पुढे २०१२ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, ‘व्हिस्पर’ नावाच्या घोडीवर स्वार होऊन लंडनच्या मैदानात उतरले. ही नावे ऐकून उत्साह वाटतो, हे खरे. तथापि या दोघांच्या पाठीशी अनेक दशकांचा सराव होता. साठाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यावयाचे ते धैर्य घ्यावे. मोजमाप मात्र स्वतःच्या गुडघ्यांचे घ्यावे.

घोडेस्वारीत श्रम सगळे घोडाच करतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पहिल्याच दिवशी नाहीसा होतो. घोडा नुसता सावकाश चालू लागला तरी त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कमरेला तालात हलवीत राहते, आणि ही हालचाल माणसाच्या चालण्याशी पुष्कळशी मिळतीजुळती असते. अपंगांच्या व्यायामोपचारांत घोड्याचा उपयोग करतात तो याच कारणामुळे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे पडले होते. त्यांना घोड्यावर चढवावे व उतरवावे लागे. अशा स्थितीत त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. घोड्याच्या पाठीवर बळापेक्षा तोल अधिक उपयोगी पडतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

माझे गुरू मारवाडातील एक वृद्ध अश्वशिक्षक होते. शाळा-पुस्तकांशी त्यांचा संबंध थोडाच आला होता. परंतु घोड्याच्या कानाची दिशा पाहून ते त्याच्या मनातील विचार सांगत. पहिले तीन आठवडे त्यांनी मला पाठीवर बसूच दिले नाही. खरारा करणे, खूर उचलून साफ करणे, लगाम घालणे आणि पागा झाडणे एवढेच काम त्यांनी दिले. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, “बहेनजी, आधी त्याला तुमचा वास ओळखीचा होऊ द्या. तुमची सवारी त्यानंतर सुरू होईल.”

या बोलण्यातील शास्त्र मला पुढे कळले. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र अगदी कपाळासमोरचा आणि थेट शेपटीमागचा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. त्या जागी कोणी अवचित आले तर तो बिचकतो, लाथ झाडतो किंवा उधळतो. आपण त्याला दुष्टपणा म्हणतो, पण ती त्याची हजारो वर्षांची सावधगिरी असते. हे समजलेला माणूस घोड्यावर रागावत नाही. वयाने आपल्याला थोडा धीर शिकवलेला असतो, आणि या एका बाबतीत तरुण स्वारापेक्षा आपण अधिक पात्र असतो.

वय विसरलेल्या स्वाराला काय भोगावे लागते, तेही सांगते. पाचव्या महिन्यात एका सकाळी मी घाईत होते. तंग आवळताना काही घोडे पोट फुगवून धरतात. म्हणून थोडे चालवून झाल्यावर, स्वार होण्यापूर्वी तो पुन्हा तपासावयाचा असतो. हा नियम मला पाठ होता, परंतु त्या दिवशी मी तो पाळला नाही. दुडकी चाल सुरू होताच खोगीर एका बाजूला फिरले आणि मी खाली आले. उजव्या हाताचे मनगट मोडले. डोक्यावर शिरस्त्राण होते, म्हणून तेवढ्यावरच निभावले. बंगळूरहून मुलगी धावत आली आणि तिने हा नाद सोडण्याविषयी परोपरीने विनविले. तिचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि तरुणाला जे खरचटणे वाटते ते आपल्याला अंथरुणास खिळवू शकते. मी डॉक्टरांकडून हाडांची तपासणी करून घेतली, चढण्या-उतरण्यासाठी चौथरा वापरू लागले, भरधाव दौडीचा मोह कायमचा सोडला आणि मनगट बरे झाल्यावर पुन्हा पागेत गेले. ज्यांची तपासणी निराळे सांगेल त्यांनी खोगिराचा हट्ट धरू नये. घोड्याशेजारून लगाम धरून चालणेही सुखाचे असते.

यानंतर प्रश्न आला तो स्वतःच्या घोड्याचा. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. इतिहास शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडून हा भेद मी ऐकला होता, परंतु त्याचा अर्थ समजला तो अश्वशाळेत. मी दोन वर्षे बारगीर होते. स्वारी संपली की लगाम मोतद्दाराच्या हाती देऊन घरी यावे आणि चहा घ्यावा. घोड्याने रात्री चंदी खाल्ली की नाही, ही चिंता दुसऱ्याची. शिलेदाराला ही मोकळीक नसते.

चैत्रात बालोतऱ्याजवळ तिलवाडा येथे लुणी नदीच्या कोरड्या पात्रात मल्लीनाथांचा पशुमेळा भरतो. गुरुजींबरोबर मी तेथे गेले. लोक घोड्याच्या अंगावरील भोवरे मोजत होते. कोणता शुभ, कोणता अशुभ, यावर वाद चालले होते. गुरुजी मात्र खाली वाकून खूर पाहत. ग्रीक सेनानी झेनोफोनने सुमारे २४०० वर्षांपूर्वी अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, त्यात घोडा विकत घेताना प्रथम पाय पाहावेत असाच सल्ला आहे; पाया कच्चा असेल तर घराचा वरचा भाग सुंदर असून काय उपयोग, असे त्याचे म्हणणे. गुरुजींनी झेनोफोनचे नावही ऐकले नव्हते.

मेळ्यात एक तीन वर्षांची कुमैत घोडी माझ्या मनात भरली. चाल डौलदार, डोळे पाणीदार. मी भाव विचारणार, एवढ्यात गुरुजींनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, “बहेनजी, भूगोल पुष्कळ शिकवलात, आता थोडे गणित करा. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. ही अठ्ठावीस वर्षांची होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या असाल?” मी ६२ वर्षांची होते. उत्तर ८७ आले. ते पुढे काही बोलले नाहीत, आणि मलाही काही विचारावेसे वाटले नाही.

मित्रहो, माझ्या भाषणाचे सार या गणितात आहे. तरुण माणूस घोडा घेतो तेव्हा आपला घोडा आपल्याआधी जाणार, हे गृहीत धरून चालतो. उतारवयात हा क्रम उलटू शकतो. मालकामागे राहिलेला घोडा सहसा हातोहात विकला जातो, आणि त्याचे वय जितके अधिक तितकी त्याची पुढील वाट कठीण होते. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याला अशा वाटेला लावण्याचा अधिकार केवळ हौसेपोटी आपल्याला मिळत नाही.

मी त्या कुमैत घोडीकडे पाठ फिरवली आणि पुढे काही महिन्यांनी बारा वर्षांची एक शांत, अनुभवी घोडी घेतली. तिचे दात पाहून वयाची खात्री केली. पशुवैद्याकडून तपासणी आणि ग्लँडर्स या रोगासाठी रक्तपरीक्षा करून घेतली. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याखाली त्याची माहिती सरकारला देणे बंधनकारक आहे. हिसार येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र अशा परीक्षांचे मोठे काम करते. भोवऱ्यांपेक्षा या कागदावर विश्वास ठेवावा, असे मी प्रत्येक खरेदीदाराला सांगते.

घरी आल्यावर कळले की घोडी विकत घेणे सोपे आणि तिला रोज वेळ देणे कठीण. साडेतीनशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाला पाच ते सात किलो कोरडी वैरण लागते, आणि तीही थोडी थोडी करून, कारण घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर तासतो. धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही. मोतद्दार ठेवला तरी मालकाची नजर रोज फिरावी लागते.

तिसऱ्या वर्षी पौषातील एका रात्री मोतद्दाराने दार ठोठावले. घोडी वैरणीला तोंड लावीत नव्हती, वारंवार वळून पोटाकडे पाहत होती, खाली बसून लोळू पाहत होती. हा पोटशूळ होता. घोड्याला उलटी करता येत नाही. जठरात जे साठते ते वर येऊन सुटका होत नाही, आणि ताण फार वाढला तर जठर फुटूही शकते. पशुवैद्य पोहोचेपर्यंत दीड तास आम्ही दोघे आळीपाळीने तिला अंगणात सावकाश फिरवीत राहिलो. थंडीने माझे बोट न् बोट बधिर झाले होते. पशुवैद्यांनी नाकातून नळी घालून जठरातील वायू व द्रव बाहेर काढले आणि पहाटे तिने पहिल्यांदा लीद टाकली. लीद पाहून डोळ्यांत पाणी येऊ शकते, हे मला त्या दिवशी समजले. त्याच पहाटे असेही मनात आले की, आजारी मी पडले असते तर या घोडीसाठी दार ठोठावायला कोणाकडे गेले असते?

आठवड्याभरात मी एक कागद केला. माझ्यामागे घोडी कोणाकडे राहील, तिचा पशुवैद्य कोण, तिला काय चारावे, हे त्यात लिहिले आणि तिच्या खर्चासाठी वेगळी रक्कम बँकेत ठेवली. गुरुजींच्या मुलाने ती जबाबदारी आनंदाने स्वीकारली. मुलगी तो कागद वाचून बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, आता मला तुझ्या घोडीची भीती वाटत नाही.” तिला आजवर माझ्या पडण्याची भीती वाटत होती, तिच्याखाली आणखी एक भीती दडलेली होती, ती मला तेव्हा दिसली.

आज घोडी १९ वर्षांची आहे. तिचे दात झिजू लागले आहेत, म्हणून कोंडा आणि दाणा भिजवून द्यावा लागतो. माझे गुडघे कुरकुरतात, तिचेही सांधे थंडीत आखडतात. आम्ही दौडत नाही. सूर्योदयापूर्वी खेजडीच्या झाडांमधून अर्धा-पाऊण तास चालतो. परतीच्या वाटेवर मी खाली उतरते आणि तिच्या खांद्याशी हात ठेवून पायी येते. पूर्वी ती माझ्या पुढे एक पाऊल असे. आता आमची पावले सारखी पडतात.

आपल्यापैकी कोणाच्या मनात ही हौस असेल तर ती दाबून टाकू नये, एवढेच माझे सांगणे आहे. आधी काही काळ बारगीर व्हावे. शिलेदार व्हावेसे वाटले तर वयाने पोक्त घोडा निवडावा, आणि त्याच्या आगमनापूर्वी त्याच्या भविष्याचा कागद तयार ठेवावा. माझी घोडी या क्षणी पागेत दुपारच्या वैरणीची वाट पाहत असेल. तेव्हा आपण मला फार प्रश्न विचारणार नाही, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेते.