सावळा देव, गोरी सून



वर्तमानपत्रांच्या वधू-वर जाहिरातींत ‘निमगोरी’ हा शब्द वर्षानुवर्षे छापला गेला. मुलगी सावळी आहे असे लिहिण्याचे धैर्य बापाला होत नाही, आणि ‘गोरी’ लिहावे तर पाहण्याच्या कार्यक्रमात ते उघडे पडते. म्हणून त्याने काढलेली ही पळवाट. मुलाच्या बापाला असा शब्द शोधत बसावे लागले नाही.

हा निकष सनातन आहे काय? द्रौपदीचे एक नाव कृष्णा. ते तिच्या वर्णावरून पडले, आणि तिच्याच स्वयंवराला देशोदेशींचे राजे लोटले. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गडद सावळ्या वर्णाची राजस्त्री रंगवलेली आहे. ती दासी नव्हे. गोऱ्या रंगाचे कौतुक त्या काळी नव्हतेच, असे मात्र कोणी समजू नये. जुन्या काव्यांत तेही पुष्कळ आहे. पण सावळेपण आणि सौंदर्य यांत विरोध मानला जात नव्हता. पंढरीच्या सावळ्या विठोबापुढे माथा टेकणारे घर आज सून मात्र गोरी शोधते!

या आवडीनिवडीच्या मुळाशी श्रम आहेत. जो उन्हात राबतो तो रापतो. सावलीत बसणाऱ्याचा रंग टिकतो. गोरेपणा ही अशा रीतीने कष्ट न करण्याची खूण ठरली. पुढे इंग्रजी अमलात राज्यकर्त्याचाच रंग गोरा झाला. युरोपातही शेतकरीण रापलेली असे तोवर उमरावांच्या बायका तोंडाला शिशाचा पांढरा लेप फासत. कामगारवर्ग गिरण्या-कारखान्यांत कोंडला जाऊन फिकुटला, तेव्हा १९२० नंतर समुद्रकिनारी पडून रापलेले अंग तिथे प्रतिष्ठेचे झाले. रंग उलटा झाला, पण रिकामपणाची मिरवणूक तीच राहिली.

आपल्याकडे या न्यूनगंडाचे भांडवल झाले. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. पुढे त्याची एक जाहिरात फार गाजली. आपल्याला मुलगा असता तर, अशी खंत बाप करतो. सावळी मुलगी ते मलम लावून उजळते आणि तिला हवाईसुंदरीची नोकरी मिळते. बेकारी, हुंडा आणि मुलाचा हव्यास या तिन्ही दुखण्यांवर एकच मलम! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये ती जाहिरात थांबली. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वर्णद्वेषाविरुद्ध वणवा पेटला, तेव्हा २०२० मध्ये कंपनीने नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. या देशातील मुलींनी साडेचार दशके सोसलेला अपमान त्यासाठी पुरेसा ठरला नव्हता.

मलम लहान पुड्यांतूनही विकले जाते, ते उगाच नव्हे. महिन्याचा पगार नसलेल्या, रोजावर जाणाऱ्या बाईच्या पदरातील सुटे पैसेही त्या बाजाराला हवे असतात. दिवसभर उन्हात खुरपणी करायची आणि त्या उन्हाची खूण पुसण्यासाठी मजुरीतले पैसे मोजायचे.

याहून वाईट प्रकार बेनामी मलमांचा आहे. त्वचा उजळावी म्हणून त्यांत पारा घालतात. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी मलमे वापरणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचे डॉक्टरांना आढळले. डब्यांवर बनवणाऱ्याचा धड पत्ताही नव्हता.