त्रिकोण कीं टेम्प्लेट?



‘पूल’ हा शब्द उच्चारला, कीं ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो रेल्वे-स्टेशनावरील पूल. सकाळीं त्याच्यावरून धांवत सुटावयाचें आणि रात्रीं थकल्या पायांनीं त्याच्यावरूनच उतरावयाचें, हा आमचा नित्यक्रम. मी आज ज्या पुलाविषयीं बोलणार आहें तो मात्र निराळा. हिरव्या किंवा निळ्या कापडानें मढविलेलें टेबल, त्याला सहा पॉकेटें, हातीं लांकडी काठी, आणि टेबलावर रंगीबेरंगी चेंडू, असा हा खेळ आहे. त्यांतहि संबंध खेळाविषयीं मी बोलणार नाहीं. खेळ सुरू होण्यापूर्वीं चेंडू मांडावयाचे ते कसे, एवढाच आजचा विषय. विषय लहान आहे. पण त्यापायीं मीं एका सज्जन मनुष्यावर अन्याय केला होता, म्हणून तो माझ्या मनांतून जात नाहीं.

मांडणी ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. चाळीच्या गॅलरींत कॅरम खेळत आपण लहानाचे मोठे झालों. मध्यें राणी, तिच्याभोवतीं सहा सोंगट्या, त्यांच्याभोवतीं बारा, अशा एकोणीस सोंगट्या आपण बोटांनीं दाबून बसवितों, आणि त्या बसविल्या तशा राहतात; कारण सोंगटी चपटी असते. चेंडूचें तसें नाहीं. चेंडू टेबलाला एका बिंदूंतच टेकतो. त्या बिंदूखालीं केंसभर खांच असली तरी तो तिकडे कलतो, आणि शेजाऱ्याची संगत सोडतो.

आपल्या देशांत टेबलावरील खेळांची परंपरा जुनी आहे. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं 1958 सालीं कलकत्त्यास बिलियर्ड्सचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. पण त्या खेळांत चेंडू तीनच, तेव्हां मांडणीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. स्नूकरचा उगम 1875 सालीं जबलपूरच्या लष्करी छावणींत झाला असें मानतात. त्यांत पंधरा तांबड्या चेंडूंचा त्रिकोण असतो खरा, परंतु पहिला फटका बहुधा हलका, कडेच्या चेंडूला निसटता स्पर्श करून परत येणारा असतो. पुलाची तऱ्हा वेगळी. तेथें पहिला तडाखा, ज्याला खेळाडू ‘ब्रेक’ म्हणतात, तो अंगांतील सर्व बळ लावून मारावयाचा. म्हणून पुलांत मांडणी म्हणजे अर्धा खेळच होय.

आतां हें असें कां, तें पाहूं. पुलाचा चेंडू सव्वादोन इंच, म्हणजे 57.15 मिलिमीटर व्यासाचा. आठ-चेंडूंच्या खेळांत असे पंधरा चेंडू त्रिकोणांत बसतात व आठ क्रमांकाचा चेंडू मधोमध असतो. नऊ-चेंडूंच्या खेळांत शंकरपाळ्याच्या आकारांत नऊ बसतात, पुढें एक क्रमांकाचा आणि मध्यें नऊ क्रमांकाचा. सर्व चेंडू एकमेकांना भिडलेले असले, तर पुढच्या चेंडूला बसलेला धक्का साखळीप्रमाणें मागच्या ओळीपर्यंत पोंचतो आणि चेंडू चहूंकडे उधळतात. पण पुढच्या चेंडूच्या मागें असलेल्या दोहोंपैकीं एकाशीं जरी त्याची फट राहिली, तरी धक्का एकाच बाजूस अधिक जातो, घोळका अर्धवट फुटतो, आणि ब्रेक मारणाऱ्याचे श्रम फुकट जातात. फट एवढी बारीक असते कीं दोन पावलांवरून ती दिसतहि नाहीं.

जुनी पद्धत लांकडी किंवा प्लॅस्टिकच्या त्रिकोणाची. चेंडू त्यांत भरावयाचे, मागून बोटांनीं रेटून पुढें न्यावयाचे, आणि चौकट अलगद उचलावयाची. सारी कला त्या उचलण्यांत आहे. चांगला मार्कर हें काम असें करतो, कीं चेंडूंना आपण मोकळे झाल्याची वार्ताच लागूं नये. परंतु चौकट झिजलेली असली, कोपरे सैल झालेले असले, किंवा चेंडू जुने होऊन लहानमोठे झाले असले, तर हात कितीहि कसलेला असला तरी उपयोग होत नाहीं.

नवी पद्धत टेम्प्लेटची. हा एक पातळ, कागदासारखा प्लॅस्टिकचा तुकडा असतो व त्याला चेंडूंच्या जागीं भोंकें असतात. भोंकांमधील अंतर असें ठेवलेलें असतें, कीं प्रत्येक चेंडू आपल्या भोंकांत पुरता उतरूं पाहतो, शेजारी त्याला उतरूं देत नाहीं, आणि त्या ओढींत सर्व चेंडू एकमेकांना घट्ट चिकटून राहतात. दाबावयास नको, रेटावयास नको. ब्रेक झाला, चेंडू पांगले, कीं तुकडा उचलून कडेला ठेवावयाचा.

आतां माझी हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं कल्याणांतील एका पार्लरमध्यें आम्हां हौशी मंडळींची लहानशी स्पर्धा होती. अंतिम सामना माझा व माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा. आम्ही दोघे रोज एकाच लोकलनें कामावर जाणारे. नियम असा होता, कीं एकानें चेंडू मांडावयाचे आणि दुसऱ्यानें ब्रेक मारावयाचा. मीं तीनदां जिवाच्या आकांतानें ब्रेक मारला आणि तिन्ही वेळां घोळका एका अंगाला गोठल्यासारखा उभाच राहिला. सामना मी हरलों. तेवढ्यावर थांबलों असतों तर बरें झालें असतें, पण चारचौघांदेखत मीं म्हटलें, “मांडणी सैल ठेवून जिंकणें याला खेळ म्हणत नाहींत.” ते कांहीं बोलले नाहींत. काठी भिंतीला टेकवून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं गाडीचा डबा बदलला.

पुढें महिन्याभरानें त्याच टेबलाजवळ मी एकटाच सराव करीत होतों. तेथील वृद्ध मार्करनें माझें बोट धरून पुढच्या चेंडूच्या जागेवर फिरविलें. कापडांत स्पष्ट खळी लागली. शेंकडों ब्रेकांचा मार त्या एकाच ठिकाणीं बसून कापड दबलें होतें. “साहेब,” तो म्हणाला, “दोष हाताचा नाहीं, या खळीचा आहे.” पुढचा चेंडू त्या खळींत बसे आणि मागच्यापासून सुटे. माझ्या स्नेह्यांनीं प्रामाणिकपणें मांडलेले चेंडू चौकट उचलतांच आपोआप विलग होत होते. मीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं ती दिली; परंतु पूर्वींचा मोकळेपणा परत येण्यास वर्ष लागलें.

टेम्प्लेटचा खरा गुण मला त्या दिवशीं कळला. तो चेंडू घट्ट बसवितो हें खरेंच. पण त्याहून मोठें म्हणजे तो माणसांमधील संशय काढून टाकतो. मांडणी कोणीहि करो, ती बहुतेक सारखीच होते. मग हरणाऱ्याला दुसऱ्याच्या बोटांकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं.

मात्र या नव्या साधनाला दोष नाहींत असें नव्हे. ब्रेकनंतर तुकडा टेबलावर असतो, त्यावरून जाणारा मंद चेंडू किंचित् वळूं शकतो. त्यावर एखादा चेंडू थांबला, तर त्याची जागा खुणेनें धरून मगच तुकडा काढावा लागतो. घडी पडलेला किंवा फाटलेला तुकडा तर त्रिकोणाहूनहि वाईट. दुसरा दोष अधिक खोल आहे. मांडणी दर वेळीं सारखीच झाली, कीं ब्रेकचा परिणामहि सारखाच होऊं लागतो. नऊ-चेंडूंच्या खेळांत रुंद ओळीच्या टोकाचा चेंडू हटकून कोपऱ्याच्या पॉकेटांत घालण्याची युक्ति खेळाडूंनीं साधली. तेव्हां कोठें एक क्रमांकाऐवजीं नऊ क्रमांकाचा चेंडू टेबलाच्या खुणेवर ठेवावा, ब्रेक ठराविक चौकोनांतूनच मारावा, असे नियम मोठ्या स्पर्धांना करावे लागले. शिवाय, त्रिकोण अलगद उचलण्याची जी कला मार्करच्या हातांत होती, ती नव्या मुलांच्या हातीं येईनाशी झाली, ही हानीहि लहान नव्हे.

तर मग स्वीकारावें काय? माझें मत असें आहे. जेथें कापड नवें, चेंडू सारखे आणि मांडणारा तिऱ्हाईत पंच आहे, तेथें त्रिकोणच शोभतो. परंतु आपल्याकडील लहान पार्लरांत कापड वर्षानुवर्षें बदलत नाहींत आणि खेळणारेच मांडणारे असतात. तेथें टेम्प्लेट ठेवणें हा शहाणपणा आहे. साधन कोणतेंहि असो, एक शिस्त मात्र सर्वांनीं पाळावी: ब्रेक मारण्यापूर्वीं टेबलाजवळ जावें, वांकून फटी पाहाव्या, आणि शंका असल्यास चेंडू पुन्हां मांडून घ्यावे. एकदां ब्रेक मारला, कीं ती मांडणी आपण मान्य केली असें समजावें. हरल्यावर फट दाखविणें सोपें आहे. ती आधीं पाहणें हें खेळाडूचें काम आहे. मीं तें केलें नाहीं, आणि त्याचा भुर्दंड एका मित्राला भरावा लागला.