आडनावाची गोष्ट



आज मी तुम्हांला अमेरिकेतील एका रस्त्यावर नेणार आहे. शिकागो शहराच्या उत्तर भागात डेव्हन ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथे साड्यांची, मिठाईची, मसाल्यांची दुकाने आहेत. १९७४ साली पटेल बंधूंनी या रस्त्यावर किराणा मालाचे छोटे दुकान काढले. पटेल म्हणजे गावाचा प्रमुख, आपला पाटीलच! माणसे समुद्रापार गेली, त्यांच्याबरोबर आडनावही गेले.

समजा, याच रस्त्यावर तुम्हांला 'टेलर' आडनावाचा मुलगा भेटला. त्याला विचारा, "तुझे बाबा कपडे शिवतात का?" तो हसेल. त्याचे बाबा कदाचित बस चालवत असतील, नाहीतर शाळेत शिकवत असतील. मग हे आडनाव आले कुठून?

फार पूर्वी इंग्लंडमध्ये सामान्य लोकांना आडनावे नव्हती. एकाच गावात चार-चार जॉन असत. मग त्यांना ओळखायचे कसे? कपडे शिवणारा तो जॉन टेलर. पाव भाजणारा तो जॉन बेकर. लोखंडाला घाव घालणारा तो जॉन स्मिथ. 'टेलर' हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ कापणारा. शिंपी आधी कापड कापतो, मगच शिवतो ना! पुढे ही नावे वडिलांकडून मुलांकडे येऊ लागली. धंदा सुटला, नाव मात्र राहिले.

आता आपल्याकडे पाहा. टेलर म्हणजे शिंपी, स्मिथ म्हणजे लोहार, कारपेंटर म्हणजे सुतार आणि पॉटर म्हणजे कुंभार. भाषा वेगळी, पण गोष्ट एकच!

मात्र आपल्याकडे कामावरून माणसाला उच्च किंवा नीच ठरवण्याची वाईट रूढी पडली. म्हणून आजही एखादे मूल वर्गात आडनाव सांगताना मान खाली घालते. कोणी त्याला हसते. मुलांनो, असे कधीही करू नका. लोहाराने फाळ घडवला नसता, तर शेत कसे नांगरले असते? कुंभाराने माठ घडवला नसता, तर उन्हाळ्यात गार पाणी कुठून मिळाले असते? अमेरिकेत सर्वांत जास्त लोकांचे आडनाव कोणते, ठाऊक आहे? स्मिथ, म्हणजेच लोहार!

आडनाव आपल्या पूर्वजांची आठवण सांगते. आपण काय व्हायचे, ते मात्र आपणच ठरवायचे असते. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना तुमच्या आडनावाची गोष्ट विचारा. उद्या ती वर्गात सांगा, आणि मान ताठ ठेवून सांगा!